नेट चालत नाही भाऊ, काय करू? खान्देशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात नेट, सीसीटीव्ही, डिश असली फिटिंगची कामं करतो. कधी चोपडा-यावलकडे, कधी धुळ्याच्या बाजूला, सीझनला पार शहाद्यापर्यंत जाणं होतं. रोज फोनवर तेच प्रश्न, अर्धे मराठीत अर्धे अहिराणीत. "भाऊ, नेट चाली नही राहिनं" एवढं बोलून समोरचा गप्प बसतो, जसं काही मी इथून बटण दाबलं की त्याच्या घरचं नेट सुरू. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलं. काही खरेदी करायच्या आधी निदान पहिला प्रश्न वाचा, कारण मी पाहिलेल्या निम्म्या घरांत नवीन काहीच घ्यायची गरज नव्हती.

वायफायच्या फुल कांड्या दिसतात तरी नेट गोल गोल फिरतं. असं कसं?

कारण त्या कांड्या तुमच्या फोन आणि राउटरमधल्या आहेत, राउटरच्या मागे नेट येतंय की नाही ते त्या सांगतच नाहीत. घरातल्या नेटचे दोन तुकडे असतात. एक बाहेरून राउटरपर्यंत, मग ते फायबरने येवो की टॉवरवरून सिमने, आणि दुसरा राउटरपासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंत. विहिरीला पाणी नाही अन तुम्ही ठिबकच्या नळ्या बदलून राहिले, असं होतं बऱ्याच लोकांचं.

तपासायचं कसं, तर राउटरपासून तीन-चार फुटांवर उभं राहून स्पीड टेस्ट करा, लॅपटॉप असेल तर सरळ लॅन केबल लावून करा, ते अजून चांगलं. मग जिथे नेट रडतं त्या खोलीत जाऊन तीच टेस्ट परत. टेस्टसाठी ट्रायचं, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाचं, मायस्पीड अ‍ॅप आहे, तेही चालतं. राउटरजवळ चांगलं आणि खोलीत बेकार आलं तर दोष घरातला, वायफायचा. राउटरजवळच बेकार आलं तर बाहेरचा, आणि मग घरात कितीही डबे लावले तरी फरक पडणार नाही. हे सकाळी सातला एकदा आणि रात्री नऊला एकदा करा, चार आकडे कागदावर लिहा. मला फोन केला तर मी पहिले हेच चार आकडे विचारतो.

५० चा प्लॅन घेतला आणि डाउनलोडला ६ च दाखवतं. फसवलं का?

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं. ८ ने भागा. ५० भागिले ८, सव्वासहा. बरोबर चाललंय तुमचं.

राउटर नेमका ठेवायचा कुठे?

फिटिंगवाल्याने जिथे ठेवला तिथे नाही, हे पहिलं. आम्ही लोक केबल जिथून आत येते तिथेच राउटर ठोकतो आणि निघतो, उन्हात चार घरं बाकी असतात, खोटं कशाला बोलू. आणि केबल बहुतेक वेळा येते पुढच्या दाराजवळ, म्हणजे तुमच्या वायफायचा अर्धा भाग गल्लीला.

घराच्या साधारण मध्यावर, पाच-सहा फूट उंचीवर, उघड्यावर. टीव्हीच्या मागे नको, शोकेसच्या काचेमागे नको, गोदरेजच्या कपाटावर नको, आणि जमिनीवर तर नकोच. लोखंड, पत्रा, आरसा ह्यांच्यातून सिग्नल जात नाही, आदळून परत येतो. पाणी त्याला पिऊन टाकतं, म्हणजे पिण्याच्या पाण्याची टाकी, फिश टँक हेही त्याच यादीत.

यावलकडचं एक घर सांगतो. तीन खोल्या एका रांगेत, शेवटच्या खोलीत पोरगी एमपीएससीचे लेक्चर बघते आणि ते दर दोन मिनिटांनी अडकतं. कंपनीवाल्याने सांगितलं मोठा प्लॅन घ्या, त्यांनी घेतला, काहीच फरक नाही. मी गेलो तर राउटर कुठे, तर पहिल्या खोलीत धान्याच्या पत्र्याच्या कोठीच्या मागे, वरून प्लॅस्टिकचा कागद, धूळ बसू नये म्हणून! काकूंनी जपून ठेवला होता बिचारा. कोठीच्या मागून काढून मधल्या खोलीच्या दारावर, चौकटीच्या वर खिळ्याला लटकवला. सगळा मिळून सरकला असेल आठ फूट. पोरीच्या खोलीत सिग्नलची ताकद आधी वजा ८१ डीबीएम येत होती, नंतर वजा ६४. माझा खर्च एक खिळा आणि दोन मीटर जास्तीची केबल.

हा डीबीएमचा आकडा वायफाय अ‍ॅनालायझर नावाच्या अ‍ॅपमध्ये दिसतो. वजा असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. वजा ५० म्हणजे एक नंबर, वजा ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात, वजा ८० ला व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज कसाबसा जातो. आणि दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते, त्यामुळे ८१ वरून ६४ हा फरक दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे.

राउटरला बाहेर काड्या, म्हणजे अँटेना, असतील तर त्या उभ्या ठेवा. सिग्नल काडीच्या टोकातून पिचकारीसारखा निघत नाही, काडीच्या भोवती आडवा पसरतो. वरच्या मजल्यावर पण पाहिजे असेल तर एखादी काडी आडवी करून बघा.

उन्हाळ्यात कूलर लावला की वायफाय जातं. हा वहम आहे का?

अजिबात वहम नाही. आपल्याकडचा कूलर म्हणजे काय, तर पत्र्याचा मोठा डबा, खाली पाणी, तिन्ही बाजूंनी ओल्या जाळ्या. वरच्या उत्तरात जे जे नको म्हटलं ते सगळं एकत्र करून खिडकीत बसवलं. राउटर आणि तुमच्या खाटेच्या मधोमध तो आला तर सिग्नल जाणार कुठून! आणि सिमवाला राउटर त्याच खिडकीत ठेवलेला असेल, आता कूलरने खिडकी घेतली म्हणून तो टेबलाखाली गेला असेल, तर टॉवरही गेला. मार्चमध्ये कूलर बसवताना राउटरची जागा पण ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट उष्णतेची. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंत चालायला बनवलेले असतात, डब्यावर नाहीतर पुस्तिकेत लिहिलेलं असतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात ४४-४५ होतं, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. राउटर गरम झाला की हळू होतो, कधी आपोआप बंद-चालू होतो, आणि अ‍ॅडाप्टर तर फुगून मरतो. दुपारी दोन ते पाच नेट जातं आणि रात्री आपोआप येतं असं असेल तर पहिला संशय इथे घ्या. पत्र्याला लागून ठोकू नका, स्लॅबच्या खाली हातभर सोडा, खालच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. आणि कृपा करून त्याच्यावर विणलेला रुमाल टाकू नका.

आमचं जुनं धाब्याचं घर आहे, वर मातीचं सपाट छत, मातीच्या दोन-दोन फूट भिंती. मागच्या खोलीत काहीच येत नाही.

येणारच नाही. त्या भिंतींनी उन्हाळ्यात घर थंड ठेवायचं काम केलं, वायफायला पण तशाच अडवतात. इथे महागडा चार काड्यांचा राउटर आणला तरी एक भिंत कशीबशी पार होईल, दुसरी नाही.

उपाय एकच खात्रीचा, केबल ओढा. पहिल्या राउटरच्या लॅन पोर्टातून केबल काढायची, मागच्या खोलीत नेऊन दुसरा साधा राउटर लावायचा आणि त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचं, म्हणजे तो केबलने आलेलं नेट नुसतं वायफायने वाटतो. जुना घरात पडलेला राउटरही चालतो. लॅन केबल १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते, वाड्याला एवढी लागत नाही. फक्त मातीच्या भिंतीला ड्रिल मारायला जाऊ नका, भोक एक इंचाचं पाडायला जाल आणि घमेलंभर माती खाली येईल. धाब्यावरून न्या, उजेडासाठी वर साणं ठेवलेलं असतं तिथून आत सोडा, आणि पावसाचं पाणी केबलवरून ओघळून आत येऊ नये म्हणून आत शिरायच्या आधी केबलला खालच्या बाजूला एक झोळ द्या.

केबल घेताना तांब्याची मागा. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल येते, हातात घेतली की हलकी लागते, ती वर्षभरात उन्हाने कडक होऊन तुटते. एकदाच पैसे घाला.

वायफायची २.४ आणि ५ (गिगाहर्ट्झ) अशी दोन नावं दिसतात. कोणतं धरायचं?

जवळ बसले असाल तर ५, भिंतीपलीकडे असाल तर २.४. पाचवाल्याचा वेग जास्त पण त्याला भिंत सहन होत नाही. २.४ लांब जातो पण त्याच्यावर गर्दी फार, शेजाऱ्यांचे सगळे राउटर, ब्लूटूथ, वायरलेस माउस सगळे त्याच गल्लीत, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन चालू केला की तोही तिथेच गोंधळ घालतो.

रो-हाउस किंवा अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर अजून एक काम करा. २.४ मध्ये चॅनल असतात, त्यातले १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये बघा शेजारी कोणत्या चॅनलवर आहेत आणि ह्या तिघांपैकी सगळ्यात रिकाम्या चॅनलवर आपला राउटर टाका. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा, ४० वर ठेवून सगळ्यांना त्रास होतो, आपल्याला पण. राउटरच्या सेटिंगचा पत्ता, जो ब्राउझरमध्ये टाकायचा, खाली स्टिकरवर असतो, बऱ्याच वेळा १९२.१६८.१.१.

टीव्ही, सीसीटीव्ही ज्या वस्तू जागच्या हलत नाहीत त्यांना जमलं तर केबलनेच जोडा. तेवढी हवा मोकळी होते.

रिपीटर घेऊ का? ऑनलाइन हजार-बाराशेला दिसतो.

घ्या, पण लावायचा कुठे ते समजून घ्या. दहातले आठ लोक रिपीटर तिथे लावतात जिथे वायफाय येत नाही. अरे, त्यालाच सिग्नल मिळत नाही तर तो पुढे काय देणार! तो मधे लावायचा, जिथे अजून वजा ६०-६५ तरी येतंय. आणि स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो पण आणि बोलतो पण, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, घेतलात तर जरा बरं, पण त्याच्यातही डबे एकमेकांना केबलने जोडले तर खरी मजा. माझं मत विचाराल तर रिपीटरच्या पैशात केबल आणि जुना राउटर, पुढचं काही बोलू नका.

आमच्याकडे फायबर आलंच नाही, सिमवाला राउटर आहे. त्याचा सिग्नल कसा वाढवू?

हा खरा आपल्या भागातला प्रश्न. २०२२ च्या ऑक्टोबरात देशात फाइव्हजी सुरू झालं, २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी एअरफायबर आणलं, आणि मळ्यातल्या घरांनासुद्धा नेट मिळायला लागलं. पण नाव एअरफायबर असलं तरी घरापर्यंत ते हवेतूनच येतं, फायबर टॉवरपाशी संपलं.

इथे कांड्या मोजू नका, दोन आकडे बघा. राउटरच्या सेटिंग पानावर किंवा त्याच्या अ‍ॅपमध्ये आरएसआरपी आणि एसआयएनआर लिहिलेलं असतं. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा येतोय, वजा ९० पर्यंत छान, वजा १०० च्या आसपास चालेल, वजा ११० च्या खाली गेलं की रडगाणं. एसआयएनआर म्हणजे आजूबाजूच्या गोंगाटाच्या मानाने तो आवाज किती वर आहे. २० च्या वर मस्त, १० ठीक, शून्याजवळ आला तर पहिला आकडा कितीही चांगला असो, नेट चालणार नाही. लग्नात बँड वाजत असताना मामा कानात ओरडून काहीतरी सांगतात आणि आपण नुसती मान हलवतो, तसं.

आता राउटर हातात घ्या, लांब वायर लावा आणि घरभर फिरा. प्रत्येक खिडकीत, गच्चीच्या जिन्यात, माळ्यावर. एका जागी दोन-तीन मिनिटं थांबा, आकडे स्थिर होऊ द्या, लिहा, पुढे चला. हातभर सरकवलं तरी बदलतात. टॉवर कुठे आहे ते माहीत नसेल तर दूरसंचार विभागाचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे, त्याच्यावर नकाशात आपल्या आजूबाजूचे टॉवर आणि त्यांच्यावर कोणत्या कंपन्या आहेत ते दिसतं. ज्या बाजूला टॉवर, त्या बाजूची वरची खिडकी.

एअरफायबरचं बाहेरचं युनिट गच्चीवर असेल तर त्याचं तोंड बरोबर टॉवरकडे आहे का बघा. वादळात फिरलेलं असतं, कोणाच्या लक्षात येत नाही. आणि मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण घालताना त्या पाइपाला दोरी बांधतात, तीही त्याला ओढते. हसू नका, पाहिलंय.

मळ्यात घर आहे. बसवलं तेव्हा झकास चालायचं, सहा-सात महिन्यांनी आपोआप बिघडलं. राउटर खराब झाला का?

घराभोवती केळी आहे का? असेल तर राउटरला दोष देऊ नका.

रावेर, यावल, चोपडा ह्या पट्ट्यात मला हे इतक्या वेळा दिसलंय की आता फोनवरच विचारतो, "बाग केवढा झाला?" लागवडीच्या वेळी रान मोकळं, खिडकीतून टॉवर सरळ दिसतो, आकडे बढिया. मग बाग वाढतो, डोक्याच्या वर जातो, निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, येईपर्यंत खिडकीसमोर हिरवी भिंत उभी. केळीचं खोड म्हणजे पाण्याची उभी टाकीच, आणि पान हातभर रुंद. फाइव्हजी बहुतेक ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतं, त्याला असला ओला पाला फार जड जातो. बाग कापला की नेट परत सुधारतं, आणि मालक म्हणतो कंपनीने टॉवर दुरुस्त केला!

एका अप्पांच्या मळ्यात मी दोन्ही आकडे बघितले. खिडकीत वजा ११२, एसआयएनआर २. तोच राउटर एक्स्टेंशन बोर्ड लावून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या बाजूला नेला तर वजा ९६ आणि १३. फरक फक्त दहा-बारा फुटांचा, पण पानांच्या वर निघालो. मग तिथे पेटी बसवली, पांढरी, झाकणाची, खाली हवेला भोकं असलेली, आणि लॅन केबल खाली घरात आणून खालच्या राउटरला दिली. अप्पा म्हणे एवढ्यासाठी तीन महिने कस्टमर केअरशी भांडलो.

राउटरला फोरजीवर अडकवून ठेवायची सोय असेल तर तेही करून बघा. खालच्या पट्ट्या, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या, झाडातून-भिंतीतून जास्त चांगल्या जातात. वेग कमी मिळेल पण टिकेल.

सिग्नल फुल आहे पण रात्री आठ ते अकरा नेट मरतं.

ती टॉवरवरची गर्दी. सगळं गाव जेवून मोबाइल घेऊन बसतं. सकाळच्या आणि रात्रीच्या स्पीड टेस्टमध्ये मोठा फरक आणि आरएसआरपी मात्र तोच, म्हणजे हेच. अँटेनाने हे बरं होत नाही. राउटर दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून किंवा दुसऱ्या पट्ट्यावर टाकून कधी कधी जमतं. नाहीतर कंपनी बदला, पण आधी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या कोणालातरी घरी बोलवा, चहा पाजा, आणि रात्री नऊला त्याच्या फोनवर टेस्ट करा. मोठे डाउनलोड पहाटेवर टाका.

तो गच्चीवर लावायचा मोबाइल बूस्टर मिळतो, तो लावू?

नको. कंपनीच्या सिग्नलला मोठं करणारा असला बूस्टर घरच्या माणसाने परवानगीशिवाय लावणं आपल्या देशात बेकायदा आहे, दूरसंचार विभागाची माणसं येऊन काढून नेतात आणि कारवाई होऊ शकते. ऑनलाइन खुलेआम विकतात म्हणून कायदेशीर होत नाही. आणि तुमच्या एकट्यासाठी तो आख्ख्या गल्लीचं नेटवर्क खराब करतो, टॉवरला नुसता गोंगाट ऐकू जातो. वायफायचा रिपीटर वेगळा, तो चालतो. दुकानदार दोघांनाही बूस्टरच म्हणतो, म्हणून विचारून घ्या.

मग बाहेरचा अँटेना?

तो चालतो, कारण तो सिग्नल मोठा करत नाही, नुसता नीट गोळा करतो. तुमच्या राउटरला मागे बाहेरच्या अँटेनाची पोर्ट आहेत का ते आधी बघा, बऱ्याच कंपन्यांच्या डब्यांना नसतात. फोरजीसाठी दोन केबलवाला अँटेना घ्या, एका केबलवर निम्मंच काम होतं. आणि ही जाड गोल केबल जितकी लांब तितका सिग्नल वाटेतच मरतो, वीस मीटर ओढली तर अँटेनाने मिळवलेलं केबलने खाल्लं. म्हणून राउटर वर अँटेनाजवळ आणि खाली लॅन केबल, हेच बरं.

लोखंडी पाइप गच्चीवर उभा केला म्हणजे अर्थिंग आलंच. मृगाच्या आधीचा वळवाचा पाऊस कसा कडकडत येतो माहीत आहे ना. वीज लांब पडली तरी केबलमधून राउटर, टीव्ही सगळं जातं. ढग भरले की प्लग काढा, लॅन केबल पण काढा.

पावसात नेट हळू होतं ते पावसामुळे का?

थेंबांमुळे नाही, ह्या फ्रिक्वेन्सीवर पावसाचा फार परिणाम होत नाही. डिश टीव्हीचं जातं कारण ते १० गिगाहर्ट्झच्या वर चालतं. तुमचं जातं ते ओल्या झाडांमुळे, कनेक्टरमध्ये पाणी शिरल्यामुळे, नाहीतर टॉवरची लाईट गेल्यामुळे.

लाईट गेली की नेट जातं. सारखा इन्व्हर्टर लावणं परवडत नाही.

राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो, पाच इंची डबी. अ‍ॅडाप्टरवर बघा, १२ व्होल्ट लिहिलंय की ९, तेवढ्याच व्होल्टचा घ्या, अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नको. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोघांना लागेल, लोक एकालाच लावतात आणि म्हणतात यूपीएस खोटा निघाला. सिमवाल्यांनी लक्षात ठेवा, टॉवरच्या बॅटऱ्या पण संपतात. चार-पाच तास लाईट नसेल तर तुमचा राउटर चालू राहून उपयोग काय.

फायबर आहे, डब्यावर लाल लाईट लागली.

एलओएस (सिग्नल गेल्याची खूण) लिहिलेला दिवा लाल म्हणजे उजेड पोचतच नाही, केबल तुटली किंवा मुरगळली. बंद-चालू करून होणार नाही. आपल्याकडे खांबावरून खांबावर केबल लोंबत असते, कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीतर कडबा भरलेली ट्रॉली गेली की वरची केबल घेऊन जाते. खारी आणि उंदीर कुरतडतात ते वेगळंच. घरात एवढंच बघा की पातळ पिवळी किंवा पांढरी केबल कपाटामागे काटकोनात दाबली गेली नाही ना, फायबरला वाकवलेलं चालत नाही. टोक बोटाने पुसू नका, डोळ्यासमोर धरू नका.

कानबाईच्या उत्सवाला सगळी भावकी जमते, पंचवीस-तीस फोन एका वायफायवर. राउटर बसतोच.

श्रावणातला हा फोन ठरलेला! रोट खायला सुरत-पुण्याहून सगळे येतात आणि पोरं आल्या आल्या पासवर्ड विचारतात. साधा राउटर पंधरा-वीस फोनांनंतर दमतो. गेस्ट नेटवर्क चालू करा, त्याला वेगळा सोपा पासवर्ड द्या आणि सेटिंगमध्ये त्याचा वेग बांधा. देवीचा कार्यक्रम परदेशातल्या भावाला व्हिडिओवर दाखवायचा असेल तर तो एक फोन मुख्य वायफायवर, ५ वाल्या नावावर ठेवा, बाकी सगळे गेस्टवर. पाहुणे गेले की गेस्ट बंद. मुख्य पासवर्ड कोणालाच सांगू नका, एकदा सांगितला की तो शेजारच्या ओट्यावर पोचतो आणि वर्षभर तिथेच राहतो.

सातपुड्यात पाडा आहे, टॉवर डोंगराआड. काही होऊ शकतं?

धडगाव, अक्कलकुव्याकडे खोऱ्यात उतरलं की फोन नुसता घड्याळ होतो. डोंगरातून सिग्नल आरपार जात नाही, कोणताच अँटेना हे करू शकत नाही. पण वर धारेवर एखादी जागा असेल जिथून दोन्हीकडे नजर जाते, किंवा खालच्या गावात फायबर आहे आणि तिथलं छप्पर तुमच्या अंगणातून डोळ्याने दिसतं, तर ५ गिगाहर्ट्झचे दोन वायरलेस ब्रिज समोरासमोर लावून काही किलोमीटर नेट नेता येतं. २०१८ पासून हा पट्टा बाहेर वापरायलाही लायसन्स लागत नाही, ठरलेल्या ताकदीत राहिलं की झालं. अट एकच, नजर मोकळी पाहिजे, मधे एक आंब्याचं झाड पण नको. हिवाळ्यात लावताना सागाला पानं कमी असतात, पावसाळ्यात तो भरतो, हेही धरून चला. आणि ते नेट पुढे वाड्या-वस्तीला पैसे घेऊन विकायला जाऊ नका, त्याला लायसन्स लागतं.

सगळं करून झालं, दोष बाहेरचाच आहे, कंपनी ऐकत नाही.

फोनवर भांडून थांबू नका, तक्रारीचा नंबर घ्या. तो नसेल तर तुम्ही तक्रार केलीच नाही असं समजा. माझ्याच घरचं नेट एकदा अठरा दिवस बंद होतं, रोज सांगायचे "उद्या माणूस येईल", आणि माझ्याकडे एकाही फोनचा नंबर नव्हता, फिटिंगवाला असून. तक्रारीवर समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. त्याच्यानंतर केंद्राचं तक्रार पोर्टल आहे, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुरावा म्हणून केबल लावून केलेल्या स्पीड टेस्टचे फोटो द्या, वायफायवरचे दिले की ते म्हणतात तुमच्या घरातला दोष. २०२३ पासून नियमात ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, आधी ५१२ केबीपीएसलाच म्हणायचे. ह्याच्याखाली येत असेल तर ते नक्की लिहा.

तुम्ही येऊन बघाल का?

बघेन, पण आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. सकाळ-रात्रीचे चार आकडे, राउटर जिथे ठेवलाय त्या भिंतीचा फोटो, आणि सिमवाला असेल तर खिडकीतून बाहेर काय दिसतं त्याचा फोटो. बऱ्याच वेळा फोटो बघूनच काम होतं आणि तुमचे माझ्या पेट्रोलचे पैसे वाचतात. राउटरचा फोटो काढताना खालचं स्टिकर बोटाने झाका, त्याच्यावर पासवर्ड असतो.